त्या मुलांना एकदा एकटं बसवून विचारा : सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर
तसेच जिल्हा बाल संरक्षण कक्ष, बालकल्याण समिती आणि जिल्ह्यातील आरोग्य अधिकारी

महोदय,

गेल्या रविवारी सकाळी पेपरच्या घडीतून एक हँडबिल खाली पडलं. गुळगुळीत कागद, वर हात जोडून ओळीत बसलेल्या मुलांचा फोटो. ‘मुलगा ऐकत नाही? मोबाईल सोडत नाही? वाईट संगत लागली? ९० दिवस आमच्याकडे द्या, संस्कारी मुलगा घरी न्या. घरून घेऊन जाण्याची सोय.’ संस्थेचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. खालचा मोबाईल नंबर मात्र मला पाठ आहे. २०२४ च्या जूनमध्ये याच नंबरवर फोन करून मी माझा १५ वर्षांचा मुलगा त्यांच्या हवाली केला होता.

मी तक्रार केल्यावर तिथला बोर्ड उतरला, एवढं माझ्या कानावर आलं होतं. आता दुसरा बोर्ड लागलाय. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. ते माझ्या लेखी तक्रारीत आहे. आणि असं ठिकाण काही एकच नाही.

मी शाळेचे गणवेश शिवते. घराच्या माडीवर सहा मशिनी आहेत, पाच बायका कामाला येतात. माझे मिस्टर कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले, तेव्हा मुलगा १२ वर्षांचा होता. पुढच्या दोन-तीन वर्षांत तो माझ्या हातून कसा निसटत गेला ते मला नीट सांगताही येणार नाही. रात्र-रात्र मोबाईल, शाळेला दांडी, मग एक दिवस त्याच्या दप्तरात नशेसाठी हुंगतात ती पंक्चरच्या सोल्यूशनची ट्यूब आणि रुमाल सापडला. जून म्हणजे आमचा सीझन. मी पहाटे पाचला मशीनवर बसायची ती रात्री अकराला उठायची. अशा वेळी कुणीतरी फोनवर म्हणालं, ‘ताई, तुम्ही निश्चिंत राहा, आम्ही सुधारून देतो.’ मला ते देवाचं बोलणं वाटलं.

महिना १२ हजार रुपये. त्यांनीच शिकवलं की मुलाला आधी काही सांगू नका, नाहीतर पळून जाईल. म्हणून मी त्याला सांगितलं, ‘उद्या पहाटे अक्कलकोटला दर्शनाला जायचंय, आंघोळ करून तयार राहा.’ पहाटे चारला गाडी आली. चार माणसं उतरली. त्याने नवा शर्ट घातला होता. दोघांनी दोन्ही दंडांना धरून त्याला गाडीत घातलं तेव्हा तो ओरडला नाही, फक्त मान वळवून माझ्याकडे बघत राहिला. पुढे कितीतरी महिन्यांनी तो मला म्हणाला, ‘गाडी अक्कलकोट रोडला वळली नाही, तेव्हाच मला कळलं, मम्मे.’

तो तिथे ११२ दिवस होता. ९० दिवस झाले तेव्हा ‘अजून कोर्स पूर्ण नाही’ असं सांगून पुढच्या महिन्याचे पैसे घेतले. सप्टेंबरअखेर एक अनोळखी गृहस्थ माझ्या दारात आले. दारू सोडायला तिथेच राहिले होते, नुकतेच सुटले होते. पाणीसुद्धा न घेता म्हणाले, ‘ताई, पोराला घेऊन या. आजच्या आज जा.’ मी भावाला घेऊन गेले. साडेतीन तास फाटकाबाहेर बसवलं, मग मुलगा बाहेर आणला.

दुसऱ्या दिवशी त्याला शर्ट शिवावा म्हणून माप घ्यायला उभं केलं. जुने सगळे शर्ट खांद्यावरून लोंबत होते. त्याची मापं माझ्या वहीत आहेत, दरवर्षी शाळेच्या शर्टासाठी लिहून ठेवते. जूनमध्ये छाती ३३ होती. आता २९ भरली. उंची मात्र पाऊण इंच वाढली होती. मग बाहीचं माप घ्यायला मी टेप धरून हात उचलला, आणि त्याने दोन्ही कोपरं वर घेऊन डोकं झाकलं. माझ्यासमोर, माझ्याच माडीवर. काज-बटनाच्या मावशींनी मशीन थांबवली. मी टेप खाली ठेवली. बाहीचा रकाना त्या पानावर अजून कोरा आहे.

त्यानंतर मी कायदा वाचायला लागले. माझं शिक्षण बारावी. वकील असलेल्या एका गिऱ्हाईक बाईंनी मला मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ आणि बाल न्याय कायदा, २०१५ यांतली कलमं समजावून सांगितली. माझ्या मुलाच्या बाबतीत जे जे झालं, ते ते होऊ नये असं आधीच लिहून ठेवलेलं आहे, हे वाचून मला जास्त राग आला. माझ्या तक्रारी अशा आहेत.

एक. मुलगा आजारी आहे हे ठरवलं कुणी? दारू आणि नशेच्या पदार्थांमुळे होणारे मानसिक त्रास या कायद्यात मानसिक आजारातच धरले आहेत. म्हणजे व्यसनमुक्तीच्या नावाखाली कुणाला ठेवून घ्यायचं तर हा कायदा लागू. त्याच्या ८७ व्या कलमाप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाला दाखल करण्याआधी दोन मानसोपचारतज्ज्ञांनी, किंवा एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक वा डॉक्टर यांनी, त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत त्याला वेगवेगळं तपासावं लागतं. घरी राहून करता येण्यासारखे उपाय फसले आहेत, हे त्यांनी बघायचं असतं. दाखल केल्यावर ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवायचं. मुक्काम ३० दिवसांपुढे गेला तर मंडळाने स्वतः तपासायचं. माझ्या मुलाला एकाही डॉक्टरने पाहिलं नाही. ऑफिसातल्या माणसाने मला विचारलं, ‘किती दिवसांपासून हाताबाहेर गेलाय?’ आणि वहीत लिहून घेतलं. झाली तपासणी. महोदय, जो माणूस मुलाला बघण्याआधीच ९० दिवस छापून मोकळा होतो, तो उपचार करत नाही हे हँडबिलावरूनच कळायला हवं.

दोन. आईला बाहेर ठेवलं. ‘पहिला महिना भेट नाही, फोन नाही, नाहीतर मुलाचं मन रमत नाही.’ मला ते पटलं होतं. कायदा नेमकं उलटं सांगतो : अल्पवयीन मूल दाखल असेल तोवर पालकाने किंवा पालकाने नेमलेल्या माणसाने पूर्ण काळ त्याच्यासोबत तिथेच राहायचं. एका महिन्यानंतर फोन सुरू झाला तो स्पीकरवर, बाजूला माणूस उभा. पत्रं चार आली. पहिल्या पत्राची सुरुवात, ‘तीर्थरूप आईस, शि. सा. न. वि. वि. मी येथे मजेत आहे.’ जन्मात त्याने मला आई म्हटलेलं नाही, मम्मी म्हणतो. अक्षर त्याचं होतं, वाक्य एकही त्याचं नव्हतं. मला तेव्हाच ओळखायला हवं होतं. मी ती पत्रं देवाजवळ ठेवली आणि शेजारणीला वाचून दाखवली, बघा किती सुधारला म्हणून.

तीन. केस आणि कपडे. पहिल्या दिवशी त्याचं डोकं चकोट केलं, अंगावरचा शर्ट काढून घेतला आणि करडा टी-शर्ट, हाफ पँट दिली. कायद्याच्या २० व्या कलमात सक्तीने डोकं भादरायला मनाई आहे. संस्थेचा गणवेश घालायची सक्ती करायची नाही, हेही त्याच कलमात आहे. मी २२ वर्षं गणवेश शिवते. शर्टाच्या खिशावर शाळेचं नाव आलं की पोरं कशी ताठ उभी राहतात ते मी रोज बघते. अंगावरून स्वतःचा कपडा काढून घेतला की माणसाचं काय होतं, ते मी घरात बघितलं.

चार. मोठ्यांबरोबर ठेवलं. एका हॉलमध्ये ४० जण, त्यात पन्नाशीचे दारुडे आणि १४-१५ वर्षांची मुलं, सतरंज्या एकमेकांना लागून. कायद्याप्रमाणे मुलांची सोय वेगळी असावी लागते. रात्री दहाला बाहेरून कडी, सकाळी सहापर्यंत संडासला जायचं नाही. कोपऱ्यात एक बादली.

पाच. मारहाण. याबद्दल मी सगळं लिहिणार नाही, मुलाने मला तेवढीच परवानगी दिली आहे. मारायचं काम तिथल्या मालकाने स्वतःकडे ठेवलेलं नव्हतं. जुन्या मुलांमधून ‘लीडर’ नेमलेले असत. त्यांनी नव्या मुलांना मारायचं. नाही मारलं तर लीडरपण जाणार आणि ते स्वतः रांगेत उभे राहणार. भिंतीकडे तोंड करून रात्रभर उभं राहण्याची शिक्षा होती, तिला तिथे ‘ध्यान’ म्हणत. दोन महिन्यांनी माझ्या मुलालाही लीडर केलं. तो झोपेत दचकून उठतो ते त्याने खाल्लेल्या मारामुळे असेल असं मला वाटायचं. एका रात्री तो म्हणाला, ‘मी पण एकाला मारलं, मम्मे. तो सातवीतला होता.’ हे ओझं १५ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर कुणी ठेवलं, याचा जाब मला पाहिजे. बाल न्याय कायद्याच्या ७५ व्या कलमात, मुलांची काळजी घेण्यासाठी असलेल्या संस्थेच्या चालकाने वा नोकराने क्रूरता केली तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे.

सहा. रात्रीची गोळी. कसली, कुणी लिहून दिली, कागद नाही. जो उलट बोलला त्याला दोन.

सात. काम. मालकाच्या शेतात तण काढणं, गोठा साफ करणं. याला ‘श्रमसंस्कार’ हे नाव. दहावीचं वर्ष गेलं त्याबद्दल कुणी बोललं नाही.

मी फॉर्मवर सही केली होती, ‘काही झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही’ या ओळीखाली. ती सही मला आजवर तीन वेळा दाखवली गेली आहे. मी सही केली, हे मी नाकारत नाही. पण माझ्या मुलाला मारायची परवानगी माझ्याकडेच नव्हती, तर ती मी दुसऱ्याला कुठून देणार?

मी तीन कार्यालयांत गेले. त्यांची नावं लिहीत नाही, तिथल्या माणसांशी माझं वैर नाही. पहिल्या ठिकाणी ऐकलं, हे व्यसनमुक्तीचं आहे, आरोग्यवाल्यांकडे जा. दुसऱ्या ठिकाणी, त्यांच्या कागदावर वसतिगृह आहे, आमच्यात येत नाही. तिसऱ्या ठिकाणी, ट्रस्टचं संस्कार शिबिर आहे, लहान मुलांचा विषय आमचा नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या धंद्याचा पाया इथेच आहे. डॉक्टर आला तर ते वसतिगृह, बालकल्याणवाले आले तर व्यसनमुक्ती केंद्र, कुणीच आलं नाही तर आश्रम. वास्तविक बाल न्याय कायद्याच्या ५४ व्या कलमात तपासणी समित्यांनी मुलं ठेवलेल्या ‘सर्व’ ठिकाणी तीन महिन्यांतून एकदा तरी जायचं आहे. किमान तिघांनी, त्यात एक बाई आणि एक वैद्यकीय अधिकारी. ११२ दिवसांत माझ्या मुलाने बाहेरचं माणूस पाहिलं ते फक्त एकदा, गॅसची गाडी आली तेव्हा.

काज-बटनाच्या मावशी सेटलमेंटमधल्या आहेत. सोलापूरकरांना सेटलमेंट म्हणजे काय ते सांगायला नको. इंग्रजांनी १८७१ चा कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या आणि आपल्या गावात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं. तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला, देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. माझ्या मुलाचं ऐकून मावशी एवढंच म्हणाल्या, ‘आमच्या आजीला पण सुधारायलाच ठेवलं होतं म्हणत होते.’ मग पुन्हा मशीन सुरू केली.

बंद दारामागे काय होतं ते या देशाने एरवाडीला पाहिलं आहे. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या त्या गावी आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जागच्या जागी गेले. आजच्या कायद्यात साखळीने बांधायला सरळ बंदी आहे, कोंडून एकटं ठेवायलाही बंदी आहे. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही ‘बिघडलेल्या’ मुलांसाठी अशा निवासी केंद्रांचा मोठा धंदा आहे, हे मला अलीकडे कळलं. तिथेही रात्री अनोळखी माणसं येऊन मुलाला उचलून नेतात, आणि आईबापांनीच त्यांना बोलावलेलं असतं. पॅरिस हिल्टन ही हॉटेलवाल्या घराण्यातली प्रसिद्ध बाई, तिनेही आपल्याला असंच नेलं होतं आणि तिथे छळ झाला, हे जाहीर सांगितलं. मिशिगन राज्यात २०२० साली १६ वर्षांच्या एका मुलाने जेवताना सँडविच फेकलं म्हणून कर्मचाऱ्यांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं. दोन दिवसांनी तो गेला. सोसून मोठी झालेली माणसं बोलत राहिली, तेव्हा युटा राज्याने २०२१ मध्ये वर्षातून चार तपासण्या आणि मुलाला घरच्यांशी दर आठवड्याला खासगीत बोलू देणं सक्तीचं केलं. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांच्या केंद्र सरकारनेही कायदा केला. आपल्याकडे कायदा त्याच्याही आधीपासून आहे. फक्त फाटकाच्या आत जाणारं कुणी नाही.

एक गोष्ट मुद्दाम सांगते. जे आईबाप मुलांना तिथे ठेवतात, त्यांना राक्षस समजू नका. त्यातले बरेच माझ्यासारखे आहेत : कुणी लूमवर, कुणी विड्या वळणारी, कुणी एकटी. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला, सोलापुरात नाही. रात्री बारा वाजता पोरगं अंगावर धावून येतं तेव्हा कुणाला फोन करायचा ते आम्हाला कुणी सांगितलेलं नसतं. मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेलिमानस १४४१६, मुलांसाठी १०९८ हे नंबर मला सगळं होऊन गेल्यावर समजले. हँडबिलावरचा नंबर आधी समजला होता.

आणि सगळी केंद्रं वाईट असंही मी म्हणत नाही. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून चालू आहे, अवचट दाम्पत्याने उभं केलेलं; माणसाचा मान राखून व्यसन सोडवता येतं हे महाराष्ट्राने तिथे बघितलं आहे. माझ्या मुलाला शेवटी उपयोग झाला तो एका सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या ओपीडीचा. तिथल्या समुपदेशक बाईंनी पहिल्याच दिवशी मला बाहेर बसायला सांगितलं आणि त्याला विचारलं, ‘दार उघडं ठेवू की लावू?’ तो म्हणाला, उघडं. चाळीस मिनिटं तो बोलत होता. सोल्यूशनची सवय होतीच, पण ती सुटण्यासारखी होती. वडिलांना शेवटचं बघायला मिळालं नाही, हे त्याने तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

माझ्या मागण्या :

१. जिल्ह्यात व्यसनमुक्ती, सुधार, संस्कार, शिस्त अशा कुठल्याही नावाखाली १८ वर्षांखालच्या मुलांना मुक्कामी ठेवणाऱ्या प्रत्येक ठिकाणाची यादी ३० दिवसांत करावी. कुठल्या कायद्याखाली नोंदणी आहे ते पुढे लिहावं, नसेल तर ‘नोंदणी नाही’ असं लिहावं. यादी प्रत्येक तहसील कार्यालयात लावावी.

२. तपासणी न सांगता व्हावी, कधी रात्रीही व्हावी. प्रत्येक मुलाशी एकट्याने बोलावं. तिथे संस्थेचं माणूस नको आणि आईबापही नकोत. मी स्वतः आई आहे, तरी हे मागते, कारण माझ्यासमोर तो पहिले दोन महिने काही बोललाच नाही.

३. मुलाला आठवड्यातून एकदा घरी खासगीत फोन करता यावा, आणि १०९८ लावता येईल असा फोन त्याच्या हाताशी असावा. नुसता भिंतीवर नंबर रंगवून उपयोग नाही.

४. या सगळ्याला एक अधिकारी जबाबदार धरावा आणि त्याचं नाव जाहीर करावं, म्हणजे पुढच्या आईला तीन कार्यालयं फिरावी लागणार नाहीत.

५. नोंदणी नसलेल्या ठिकाणांवर गुन्हे दाखल करावेत. बोर्ड बदलून पुन्हा उघडणाऱ्यांना नावावरून नव्हे, माणसावरून आणि फोन नंबरवरून शोधावं. मात्र बंद करताना आतली मुलं रस्त्यावर सोडू नयेत. प्रत्येकाला बालकल्याण समितीपुढे नेऊन पुढची सोय लावावी.

६. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस किशोरवयीन मुलांसाठी समुपदेशक बसवावा. ही सोय नसेल तर हँडबिलं पडतच राहणार आणि आमच्यासारखे लोक फोन करतच राहणार.

मुलगा आता १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसतोय. गणित त्याला येतं, मराठीचं पत्रलेखन सोडून देतो म्हणतो.

येत्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिनाला मी आपल्या कार्यालयात येणार आहे. हँडबिल, ती चार पत्रं, मी सही केलेल्या फॉर्मची झेरॉक्स आणि मापाची वही सोबत आणते. मुलगा येईल की नाही ते माहीत नाही. मी त्याला विचारलं आहे. या वेळी त्याचं तोच ठरवेल.

आपली,
गणवेश शिवणारी एक आई, सोलापूर
(पूर्ण नाव व पत्ता लेखी तक्रारीत नमूद आहे)